नववी अट

अर्जबाईंचं अर्धं आयुष्य दुसऱ्यांचे अर्ज भरण्यात गेलं होतं. टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत रोजगार केंद्र होतं आणि त्यातल्या पहिल्या खोलीत, खिडकीकडे पाठ करून, त्या रोज दहा ते पाच बसत. समोर एक लांब बाक. बाकावर कुणाला लिहिता येत नसे, कुणाला येत असे पण अर्ज म्हटलं की हात थरथरे, आणि कुणी चांगली पदवी घेतलेले असत, तरी त्यांनाही अर्ज बाईंच्याच हातचा हवा असे. बाईंचं अक्षर टपोरं, आणि हातगुण चांगला अशी त्यांची ख्याती होती. हातगुण कितपत चांगला होता म्हणाल, तर दहातले दोघे कामाला लागत. बाकीचे आठ महिन्याभरात पुन्हा बाकावर.

त्या वर्षी केंद्राला नवे साहेब आले. वयाने बाईंच्या लेकाएवढे, पण उत्साह असा की पहिल्याच दिवशी त्यांनी पांढरा फळा विकत आणून भिंतीवर ठोकला आणि त्यावर चार वर्तुळं काढली. एक शर्टांचा कारखाना, एक पुठ्ठ्याच्या खोक्यांचा, एक काचेच्या बाटल्यांचा आणि एक दवाखान्यांच्या चादरी धुणारी मोठी धुलाई. चारही वर्तुळांना जोडणारं एक पाचवं मोठं वर्तुळ काढून त्यात त्यांनी लिहिलं, ‘प्रादेशिक मनुष्यबळ भागीदारी’.

“म्हणजे नक्की काय करायचं, साहेब?” बाईंनी विचारलं.

“या चौघांना एका टेबलाशी बसवायचं. त्यांना माणसं मिळत नाहीत, आपल्याकडे माणसं बसून आहेत. मध्ये काय अडतंय ते शोधायचं.”

“आणि सापडलं की?”

“काढून टाकायचं.”

साहेब नवीन होते. त्यांना सगळंच सोपं वाटायचं.

अर्जबाईंना शोधायला कुठे जावं लागणार नव्हतं. काय अडतंय ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. चारही ठिकाणचे अर्ज सारखेच होते, नाव तेवढं वेगळं, आणि चारही अर्जांत नववी अट अक्षरशः एकच होती: ‘उमेदवाराकडे स्वतःचे दुचाकी वाहन व वैध परवाना असणे आवश्यक.’ कारखाने गावापासून अकरा किलोमीटरवर, माळावर. तिकडे जाणारी पहिली सार्वजनिक बस सव्वाआठला सुटायची आणि तोवर तिकडे काम सुरू होऊन गेलेलं असायचं. बाटल्यांच्या आणि खोक्यांच्या कारखान्याला स्वतःच्या बस होत्या, नाही असं नाही. पण त्या फक्त त्यांच्या कामगारांसाठी, आणि कामगार व्हायचं तर आधी स्वतःची गाडी हवी. थोडक्यात, ज्याच्या दारात गाडी त्यालाच बस. बाईंनी हे साहेबांना सांगितलं तेव्हा साहेब आधी हसले, मग त्यांनी चारही अर्ज शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि हसायचे थांबले.

“आजवर कुणी विचारलं नाही, असं का?”

“मी विचारलं,” बाई म्हणाल्या. “दरवर्षी विचारते. नियम आहे म्हणतात.”

खरं सांगायचं तर त्या वर्षी बाईंना हे प्रकरण तडीला न्यायची घाई होती, आणि त्या घाईचं कारण फळ्यावरच्या वर्तुळांत नव्हतं. ते त्यांच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहत होतं.

त्यांची भावजय. धाकटा भाऊ जाऊन सात वर्षं झाली होती. भावजयीला जन्मापासून डाव्या डोळ्याने दिसत नव्हतं. तिला त्याचं काही वाटत नसे. “सुईत दोरा ओवताना सगळेच एक डोळा मिटतात, माझा आयता मिटलेला,” असं ती म्हणायची. शिलाई मशीन हा तिचा प्राण. शिवायची नाही, दुरुस्त करायची. मशीनचा टाका सुटत असो, दोरा तुटत असो, कापड पुढे सरकत नसो, ती चाक हाताने दोनदा फिरवून ऐकायची, मान हलवायची आणि नेमका तोच स्क्रू पाव फेरा फिरवायची. आख्ख्या वस्तीची मशीनं तिच्या हाताखालून गेली होती. पण वस्तीत मशीनं किती आणि ती बिघडणार किती? त्यात दोन माणसांचं पोट भरत नव्हतं. तिच्या लेकीचं कॉलेज तोंडावर आलं होतं.

आणि तिकडे शर्टांच्या कारखान्यात दोनशे मशीनं होती, त्यातली पंचवीस-तीस कायम बंद पडलेली, कारण दुरुस्त करणारा माणूस लांबून यायचा आणि फक्त मंगळवारी यायचा. सहा वर्षांत भावजयीने तिथे पाच वेळा अर्ज केला. पाचही वेळा अर्ज अर्जबाईंनी भरला. नवव्या अटीपुढे त्या दरवेळी टपोऱ्या अक्षरात ‘नाही’ लिहीत, कारण एका डोळ्याला परवाना देत नव्हते आणि खोटं लिहिणं त्यांना जमत नव्हतं. पाचही अर्ज परत आले.

आता तिने हात टेकले होते. लांबच्या शहरात एका श्रीमंत म्हातारीची देखभाल करायचं काम तिला मिळालं होतं, चोवीस तास, तिथेच राहून. लेकीला वसतिगृहात ठेवायचं ठरलं. मंगळवारचं तिकीट काढून झालं होतं.

“अगं, निदान मीटिंग होईपर्यंत थांब,” बाई तिला म्हणाल्या. “शनिवारी सगळे एकत्र येतायत.”

“वन्सं, तुमच्या मीटिंगा मी सहा वर्षं ऐकतेय.” ती मशीनच्या पोटात तेल सोडत होती, वर न बघता बोलली. “तुमचं मन मोडत नाही. पण मला आता कळून चुकलंय, खोट माझ्यात आहे. एवढे चार कारखाने एकच गोष्ट म्हणतात, ते काय सगळेच वेडे आहेत?”

बाई घरी आल्या, चहा न पिताच पुन्हा चपला घातल्या आणि केंद्रात जाऊन फोनला भिडल्या.

पहिला फोन शर्टांच्या मॅनेजरना. भला माणूस, पण घाबरट.

“बाई, मला तुमची भावजय आत्ता पाठवा, मी पायघड्या घालतो. पण अट मी लिहिलेली नाही. मी यायच्या आधीपासून आहे. आमचा अर्ज आम्ही खोकेवाल्यांवरून घेतला.”

“मग काढून टाका ना.”

“अहो, अट आहे म्हणजे काहीतरी कारण असणार. विम्याचं असेल, कायद्याचं असेल. मी काढली आणि उद्या काही झालं, तर गळ्यात कुणाच्या?”

खोकेवाले हसरे, जाडजूड, आणि आवाज असा की फोन कानापासून वीतभर लांब धरावा लागे. त्यांनी अर्ज धुलाईवरून घेतला होता. “त्यांचं दवाखान्यांशी काम, त्यांचे नियम कडक, म्हटलं त्यांचाच घ्यावा!” धुलाईच्या मॅनेजरबाई तुटक बोलणाऱ्या. त्यांनी कपाट उघडून, कागद बघून, दहा मिनिटांनी परत फोन केला: धुलाई सुरू झाली तेव्हा अर्ज बाटल्यांच्या कारखान्यातून आणला होता. तो सगळ्यात जुना कारखाना. आणि बाटल्यांचे आत्ताचे मॅनेजर म्हणाले, “जुनं आम्हाला काही माहीत नाही. पण ती अट आमच्या संस्थापकांच्या काळची आहे, तिला हात लावायचा नाही.”

संस्थापकांचं नाव ऐकून बाई खुर्चीत ताठ बसल्या. त्या मालकांना त्या ओळखत होत्या. लग्नाआधीपासूनची त्यांची पहिली नोकरी तिथलीच. चार वर्षं त्या बाटल्यांच्या कारखान्यात टायपिस्ट होत्या.

शुक्रवारी दुपारी अर्धी रजा टाकून त्या जुन्या हेडक्लार्कांच्या घरी गेल्या. हेडक्लार्क आता ऐंशीला टेकले होते. ऑफिस सोडताना त्यांनी घड्याळ घेतलं नव्हतं, शाल घेतली नव्हती. ऑफिसने टाकून द्यायला काढलेल्या फायली तेवढ्या मागून घेतल्या होत्या. पलंगाखाली तीन पत्र्याच्या पेट्या होत्या आणि त्यावरून त्यांचं बायकोशी रोज एकदा वाजत असे.

“आली का कुणीतरी कागद विचारायला?” त्यांनी विजयी मुद्रेने स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं. “मी म्हणत होतो!”

“बावीस वर्षांत एक आली,” आतून आवाज आला.

दुसऱ्या पेटीत तळाशी तो कागद मिळाला. सायक्लोस्टाइल केलेला, कडा पिवळ्या पडलेल्या. ‘नोकरीसाठी अर्जाचा नमुना.’ बाईंनी तो हातात घेतला आणि नववी अट वाचायच्या आधीच त्यांनी तो ओळखला. सगळ्या ओळींत ‘र’ जरासा वर उचललेला होता. ते मशीन त्यांचं होतं. त्या ‘र’ने त्यांना चार वर्षं छळलं होतं.

“आठवतंय का तुला?” हेडक्लार्क उत्साहात आले. “मालकांना नमुन्याच्या बाटल्या औषध कंपन्यांना नेऊन दाखवायला एक माणूस हवा होता. मोटारसायकलवाला. एकच जागा! त्याच्यासाठी तू हा नमुना टाइप केलास. मग मालक म्हणाले, असाच एक सगळ्या जागांसाठी करून टाका. तुझी दुसऱ्या दिवसापासून रजा होती. नवीन स्टेन्सिल कापायला दीड तास, आणि तुला तर घरी पळायचं होतं. तू काय केलंस, जुन्याच स्टेन्सिलवर जागेचं नाव चुका पुसायच्या त्या लाल औषधाने पुसलंस, वर ‘सर्व पदांसाठी’ मारलंस, आणि पसार! मी म्हटलं जाऊ दे, पोरीच्या भावाचं लग्न आहे उद्या.”

त्यांना हे सगळं कौतुकाने आठवत होतं. बाईंनी मात्र नववी ओळ पुन्हा वाचली. त्या पलंगाच्या कडेला बसल्या. नववी अट पुसायची राहिली होती. तेवढंच. एक ओळ, लाल औषधाचा एक हात, दोन मिनिटांचं काम. मग हा नमुना धुलाईने घेतला, धुलाईवरून खोक्यांनी, खोक्यांवरून शर्टांनी. ज्याने त्याने वरचं नाव बदललं आणि खालचं सगळं कारण असणारच म्हणून तसंच ठेवलं. आणि त्या स्वतः? केंद्रात आल्यापासून त्या स्वतःच्याच चुकीपुढे बाकावरच्या माणसांच्या वतीने ‘नाही’, ‘नाही’, ‘नाही’ लिहीत बसल्या होत्या. किती जणांच्या? त्यांनी मोजायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. त्यांना रडू आलं. हेडक्लार्कांच्या बायकोने पाणी आणून दिलं आणि नवऱ्याकडे असं पाहिलं की जणू सगळा दोष पेट्यांचाच होता.

शनिवारी अकरा वाजता चारही वर्तुळं केंद्रात हजर झाली. साहेबांनी खुर्च्या भाड्याने आणल्या होत्या. बाटल्यांचे मॅनेजर कंपनीच्या गाडीने आले आणि त्यांचा ड्रायव्हर, जो एरवी कामगारांची बस चालवी, खाली उन्हात बसण्यापेक्षा वर बाकावर चहा घेत बसला.

बाई रात्रभर जाग्या होत्या आणि त्यांनी एक सोयीचा मार्ग काढला होता. आपलं नाव घ्यायची गरज काय? चूक सापडली, एवढं सांगितलं की झालं. कागद त्यांनी टेबलावर ठेवला. “ही अट एकाच जागेसाठी होती,” त्या म्हणाल्या. “कुणाकडून तरी पुसायची राहिली. सगळ्यांनी तशीच उचलली. आता काढून टाकायला हरकत नाही.”

चौघांनी कागद आळीपाळीने पाहिला. कागद फिरून टेबलाच्या मध्यावर आला आणि तिथेच राहिला.

“कुणाकडून तरी म्हणजे कुणाकडून?” धुलाईच्या बाईंनी विचारलं.

“ते आता... जुनी गोष्ट आहे.”

“मग राहिली होती की ठेवली होती, हे कसं ठरवायचं?” शर्टवाले म्हणाले. “मालकांनीच ठेवायला सांगितली असेल. तेव्हाचं विम्याचं काही...”

“मला वाटतं, आधी वकिलाचं मत घेऊ,” बाटल्यांचे मॅनेजर म्हणाले. “पुढच्या महिन्यात पुन्हा बसू.”

“आधी तुम्ही काढा, मग आम्ही काढतो,” खोकेवाले गरजले.

“तुमची माणसं जास्त, आधी तुम्ही,” बाटल्यांचे मॅनेजर म्हणाले.

साहेब एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. हातातल्या पेनाचं टोपण त्यांनी तीनदा लावलं आणि काढलं. पुढचा महिना म्हणजे मंगळवार कधीच गेलेला असणार होता. बाईंना दिसत होतं की घोंगडं आणखी वर्षभर भिजत पडणार, आणि ते केवळ एका गोष्टीमुळे: पुसायचं कुणाकडून राहून गेलं हे कळत नव्हतं म्हणून. माणसं नियमाला भीत नव्हती. ज्याचा बाप माहीत नाही अशा नियमाला भीत होती.

बाई उभ्या राहिल्या. बसून सांगणं त्यांना बरं दिसलं नसतं.

“मी,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडून राहिली. तेव्हा मी तिथे टायपिस्ट होते. घरी लग्न होतं, मला घाई होती. मालक काही म्हणाले नव्हते. विमा नाही, कायदा नाही, काही नाही. मी आळस केला. बास, एवढंच कारण आहे.”

मग खोकेवाल्यांनी टेबलावर थाप मारली. “म्हणजे बावीस वर्षं,” ते म्हणाले, “मी घाईतल्या पोरीच्या हुकमावर माणसं परत पाठवतोय?” आणि ते हसायला लागले. पण मध्येच थांबले. “बाई, माझ्या सख्ख्या मेहुण्याला मी परत पाठवलं हो. अजून बोलत नाही तो माझ्याशी.” त्यांचा चेहरा पडला होता. ते बाईंवर रागावले असते तर बाईंना बरं वाटलं असतं.

धुलाईच्या मॅनेजरबाईंनी पर्समधून पेन काढलं. आपला अर्ज समोर ओढला, नवव्या ओळीवर सरळ रेघ मारली, खाली सही केली आणि तारीख घातली. मग शर्टवाल्यांनी तेच पेन मागितलं. रेघ त्यांनी दोनदा मारली. खोकेवाल्यांनी एकदाच, पण कागद फाटेल अशी. बाटल्यांचे मॅनेजर शेवटी. “संस्थापकांचा नियम नाही ना नक्की?” त्यांनी एकदा विचारून घेतलं.

“नक्की नाही. त्यांचा नियम असता तर मी टाइप करताना त्यांनी पाठीमागे उभं राहून वाचला असता,” बाई म्हणाल्या. जुने मालक ज्यांना माहीत होते ते हसले.

“अट गेली,” शर्टवाले म्हणाले, “पण माणसं येणार कशी? आमच्याकडे तर बस नाही.”

हा प्रश्न रास्त होता. तेव्हा बाकावरून ड्रायव्हर खाकरला.

“बोलू का?” त्याने आपल्या मॅनेजरांकडे पाहिलं. ते होही म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत, म्हणून तो बोलला. “मी रोज सहा-चाळीसला वस्तीच्या चौफुलीवरून जातो. चाळीस सीटं, माणसं सोळा. खोक्यांची बस माझ्या मागे पाच मिनिटांनी, तीपण अर्धी. आम्ही दोघं ड्रायव्हर शर्टांच्या गेटसमोरून जातो, धुलाईच्या भिंतीला वळसा घालतो. चौफुलीवर बायामाणसं हात करतात. थांबायचा हुकूम नाही म्हणून मी आरशात बघत नाही.”

पुढचा दीड तास जे झालं त्याला साहेबांनी नंतर अहवालात ‘सखोल चर्चा’ म्हटलं. खरं तर ती भांडणं होती, आणि चांगली होती. खोकेवाल्यांचा भोंगा सातला वाजे आणि तो सव्वासातला न्यायला ते काही केल्या तयार होईनात. त्यांचा जीव त्या भोंग्यात होता. शेवटी भोंगा जागच्या जागी राहिला आणि शर्टांचं गेट साडेसातऐवजी सात-दहाला उघडायचं ठरलं. डिझेलचा वाटा चौघांनी उचलायचा. बस कुणाची का असेना, चारांपैकी कुठल्याही कारखान्याचं ओळखपत्र किंवा केंद्राची चिठ्ठी असेल त्याला बसू द्यायचं. साहेबांनी फळ्यावरची वर्तुळं पुसून तिथे बसचा रस्ता काढला, तोही उलटा, आणि ड्रायव्हरने उठून तो सरळ करून दिला.

निघताना शर्टवाले बाईंना म्हणाले, “भावजयीला सोमवारी पाठवा. एक दिवस बघतो, पण मला माहितेय, दुपार व्हायच्या आत मी तिला कामावर ठेवून घेतलेलं असेल.”

साहेब मागे थांबले होते. बाईंना वाटलं, आता बोलणी बसणार. साहेब म्हणाले, “बाई, अहवालात मी ‘जुन्या नमुन्यातील त्रुटी’ असं लिहितोय. चालेल ना?” बाई मान हलवून खुर्च्या गोळा करायला लागल्या.

संध्याकाळी त्या भावजयीकडे गेल्या. दारातच एक बॅग भरून उभी होती, दुसरी उघडी. बाईंनी बसायच्या आधीच सगळं सांगितलं. आधी कागद, मग लाल औषध, मग घाई, आणि घाई कशाची होती तेही. लपवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

भावजय ऐकत राहिली. तिच्या हातात घडी घातलेली ओढणी होती, तिची तिने पुन्हा घडी केली.

“माझ्याच लग्नाची घाई,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि अर्जात ‘नाही’ लिहिताना तुम्ही माझ्याकडे बघायचात. मला वाटायचं, तुम्हाला माझी दया येते.” तिचा आवाज चढला. “सहा वर्षं, वन्सं! सहा वर्षं मी आरशात हा डोळा बघते. लेकीला म्हणते, तुझ्या आईत खोट आहे, तू नीट शीक. आणि खोट कुठे होती? तुमच्या त्या पुसायच्या बाटलीत?”

“माझं चुकलं गं.”

“चुकलं म्हणे.” ती उठली आणि दार धरून उभी राहिली. “तुम्ही जा आता घरी. मला काही बोलायचं नाही.”

“सोमवारी सहा-चाळीसला चौफुलीवर बस...”

“ऐकलं मी.”

दार लागलं. आदळलं नाही, पण लागलं. रविवारी बाई दोनदा त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या आणि दोनदा परत आल्या. लेक दुकानात दिसली, तिला विचारलं, आई काय म्हणते? लेक म्हणाली, आई काहीच म्हणत नाही, बॅगा तशाच आहेत.

सोमवारी साडेसहालाच बाई चौफुलीवर उभ्या होत्या. नुकतं उजाडलं होतं. बातमी वस्तीत पसरलेली होती. केंद्रातल्या बाकावरचे सातआठ चेहरे तिथे होते, भांग पाडून, डबे घेऊन. दोघी-तिघी बायका बाईंना नमस्कार करून आभार मानायला लागल्या, तेव्हा बाईंना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यांनी त्या दोघी-तिघींनाही खरं काय ते सांगितलं. एक जण म्हणाली, “जाऊ द्या बाई, पुसली ना आता.” दुसरी जरा लांब जाऊन उभी राहिली. तेही बरोबरच होतं.

सहा-चाळीसला बस आली आणि चौफुलीवर थांबली. माणसं चढली. बाटल्यांचे कामगार आत सरकून बसले, नव्यांना जागा झाली. भावजय आली नव्हती.

“बाई, निघू?” ड्रायव्हरने विचारलं.

“एक मिनिट थांबाल का?”

त्याने घड्याळ पाहिलं, इंजिन चालू ठेवलं. मागून खोक्यांची बस आली आणि हॉर्न वाजवून पुढे गेली. एक मिनिट झालं, दीड झालं. ड्रायव्हरने बाईंकडे पाहून हलकेच मान हलवली, आणि बाई बाजूला झाल्या. दुसऱ्यांच्या हजेरीला उशीर करायचा हक्क त्यांना नव्हता, आता तर मुळीच नव्हता.

बसने पहिला गिअर टाकला आणि गल्लीतून भावजय पळत आली. एका हातात डबा, काखेत हत्यारांची पिशवी, केस अर्धवट बांधलेले. ती बाईंना वळसा घालून, त्यांच्याकडे न बघता, चालत्या बसच्या पायरीवर चढली. ड्रायव्हर ओरडला, ती त्याच्यावर ओरडली, बस गचका खाऊन थांबली आणि पुन्हा निघाली. बाईंच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती चढली होती, एवढं पुरे होतं. त्यांच्याशी ती जन्मात बोलली नसती तरी त्यांनी तक्रार केली नसती.

बस पाच-दहा पावलं गेली असेल, इतक्यात मागची खिडकी करकरत सरकली आणि भावजयीने डोकं बाहेर काढलं. चेहरा रागाने लाल होता.

“मी काही माफबीफ केलेलं नाही!” ती ओरडली. “तिकीट मात्र रात्रीच परत केलं. संध्याकाळी येते भांडायला. घरीच थांबा, वन्सं!”